भरतकामातली लिपी : ‘ग्रेसलिंग’ मालिकेतल्या तीन नायिका

क्रिस्टिन कॅशोर या अमेरिकन लेखिकेच्या ‘ग्रेसलिंग’ (२००८), ‘फायर’ (२००९) आणि ‘बिटरब्लू’ (२०१२) या तीन इंग्रजी कादंबऱ्या मी यंदाच्या पावसाळ्यात लागोपाठ वाचल्या. त्याला कारण झाली माझी भाची. ती पंधरा वर्षांची आहे, पार्ल्याला राहते आणि कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या फँटसी कादंबऱ्यांचा फडशा पाडते. मे महिन्याच्या सुट्टीत ती माझ्याकडे दादरला राहायला आली, तेव्हा तिने वाचून झालेल्या पुस्तकांचे दोन गठ्ठे करून ठेवले होते. एक ‘स्ट्राँग’ नायिकांचा आणि दुसरा ‘वीक’ नायिकांचा. पहिल्या गठ्ठ्यातल्या जवळजवळ प्रत्येक मुखपृष्ठावर तलवार, खंजीर किंवा धनुष्य घेतलेली मुलगी होती. त्यातल्या एकीबद्दल ती अभिमानाने म्हणाली, “मावशी, हिला कुणी हरवूच शकत नाही.” जिला कुणी हरवूच शकत नाही तिच्या गोष्टीत आपण काळजी कशाची करायची, असा प्रश्न माझ्या मनात आला, पण तो नीट मांडता येईना, म्हणून मी गप्प राहिले. या तीन पुस्तकांनी तो माझ्यापेक्षा फार चांगला मांडला आहे. कथानकातले काही महत्त्वाचे टप्पे सांगितल्याशिवाय नायिकांविषयी बोलता येणार नाही, तेव्हा ज्यांना आधी काहीच कळायला नको असेल त्यांनी पुस्तके वाचून मग इकडे वळावे.

दुबळ्या नायिकेचे उदाहरण म्हणून सगळे जण ‘ट्वायलाइट’ या गाजलेल्या प्रेमकादंबरीतल्या (२००५) बेलाकडे बोट दाखवतात, आणि भाचीच्या दुसऱ्या गठ्ठ्यातही तीच सर्वांत वर होती. त्या मालिकेच्या दुसऱ्या पुस्तकात प्रियकर सोडून गेल्यावर ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत एकेका महिन्याचे नुसते नाव छापलेली पाने येतात; त्या पानांवर दुसरे काहीच नाही. पुष्कळ वाचकांनी त्या पानांवरून बेलाला नावे ठेवली. मला मात्र त्या कोऱ्या पानांत दुबळेपण दिसत नाही. सतराअठराव्या वर्षी प्रेमभंग झालेल्या मुलीचे दिवस असेच कोरे जातात, आणि ते तसे छापण्याची कल्पना मला आजही धीट वाटते. खरी उणीव दुसरीकडे आहे. दुःख ओसरल्यावर जिच्याकडे परतावे अशी कोणतीही गोष्ट लेखिकेने बेलाला दिलेली नाही; तिला स्वतःचे काम नाही, एखाद्या विषयाची ओढ नाही, जिच्यासाठी ती भांडेल अशी मैत्रीण नाही. नायिका रडते म्हणून दुबळी ठरत नाही. तिच्या निर्णयावाचून गोष्टीचे काही अडत नसेल, तर मात्र ती दुबळी असते.

याच कसोटीवर पहिल्या गठ्ठ्यातल्याही बऱ्याच नायिका उतरत नाहीत. पहिल्याच पानावर त्यांची ओळख अजिंक्य योद्धा किंवा निष्णात मारेकरी अशी करून दिली जाते, त्यांना इतर मुलींच्या कपड्यांचा, दागिन्यांचा आणि गप्पांचा तिटकारा असतो, आणि पुढची तीनशे पाने दोन देखण्या तरुणांपैकी कोणाला निवडावे या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहतात. तलवार चालवणे हे कौशल्य आहे, स्वभाव नव्हे. आमच्या लहानपणी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे होता आणि आम्ही मुलीही त्याच्याच सायकलवर मनाने मागे बसून हिंडलो. त्यामुळे आजच्या मुलींना स्वतःच्या नावाची धाडसी पुस्तके मिळतात याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणूनच त्या धाडसाच्या आत एक माणूस असावा, असा माझा आग्रह आहे.

‘ग्रेसलिंग’ची नायिका कात्सा पहिल्या दर्शनी याच साच्यातली वाटते. या जगात ज्यांचे दोन डोळे दोन वेगळ्या रंगांचे असतात त्यांना एखादी असामान्य देणगी लाभलेली असते आणि बहुतेक राज्यांत अशा माणसांवर राजाची मालकी असते. कात्साचा एक डोळा निळा आणि एक हिरवा आहे, आणि तिची देणगी आहे माणसे मारण्याची. आठ वर्षांची असताना अंगचटीला येणाऱ्या एका नातलगाला तिने एका फटक्यात ठार केले, तेव्हा ती देणगी सर्वांना कळली. ती राजघराण्यातलीच, पण राजा तिला पाळीव शिकारी कुत्र्यासारखी वापरतो. कोणी कर थकवला, कोणी शब्द मोडला, की कात्साला पाठवायचे, त्या माणसाचे हाड मोडायचे आणि दहशत बसवायची.

कॅशोर यांचे पहिले यश असे की कात्साच्या सामर्थ्याचा पहिला खरा प्रसंग त्यांनी न मारण्याचा ठेवला आहे. एका सरदाराने आपल्या मुलीला तिच्या मनाविरुद्ध राजाने ठरवलेल्या ठिकाणी देण्यास नकार दिलेला असतो. त्याला अद्दल घडवण्याची आज्ञा घेऊन कात्सा जाते, त्याच्यासमोर उभी राहते आणि काहीही न करता परत येते. मग भर दरबारात, सभोवार शस्त्रे रोखलेली असताना, ती राजाला सांगते की यापुढे हे काम माझ्याकडून होणार नाही. तिथे जमलेल्या सगळ्यांना ती लोळवू शकली असती. हात उगारण्याची सवय हाडीमासी मुरलेली असताना तो आवरणे तिला लढाईपेक्षा जड जाते, आणि ते जड जाणे वाचकाला तिच्या श्वासाश्वासातून जाणवते.

दुसरे यश खलनायकाच्या निवडीत आहे. मनसीचा राजा लेक याची देणगी अशी की तो जे बोलेल ते ऐकणाऱ्याला खरे वाटते, इतकेच नव्हे, तर ते ऐकलेल्याने पुढे दुसऱ्याला सांगितले तर त्या दुसऱ्यालाही खरे वाटते. (मराठीत ‘लेक’ हा किती मायेचा शब्द, आणि इथे ते एका क्रूर माणसाचे नाव, वाचताना ते मला शेवटपर्यंत टोचत राहिले.) सात राज्यांतली सर्वांत बलवान मुलगी या माणसापुढे उभी राहते तेव्हा तिचे बळ काडीच्या उपयोगाचे राहत नाही. तो गोड बोलतो, तिचे मन धुकट होते, समोरचा माणूस दुःखी पिता आहे असे तिला वाटू लागते. अखेर ती त्याला मारते, पण विचारपूर्वक नव्हे. पो या तिच्या सोबत्याचे गुपित त्याच्या तोंडून बाहेर पडणार एवढे तिच्या धुकट मनाला कळते आणि तिचा हात खंजीर फेकून मोकळा होतो. हा शेवट घाईत उरकल्यासारखा वाटला अशी तक्रार काहींची असू शकेल. मला तो योग्य वाटला, कारण धूर्त बोलण्यासमोर मनगटातली ताकद पुरत नाही, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारी साहसकथा मी फारशी वाचलेली नाही.

त्याआधीचा बर्फाळ खिंडीचा प्रवास हा या पुस्तकाचा गाभा आहे. लेकची दहा वर्षांची मुलगी बिटरब्लू हिला बापापासून वाचवण्यासाठी कात्सा तिला घेऊन असा डोंगर ओलांडते जिथून हिवाळ्यात कोणी जिवंत उतरत नाही. या प्रवासात ती एका रानटी श्वापदाशी झुंजते, त्याच्या कातड्यात मुलीला गुंडाळते, तिला अंगाशी बांधून घेते आणि चालत राहते. इथे तिला कळते की आपली देणगी मारण्याची नव्हतीच. ती तगून राहण्याची आणि तगवण्याची आहे. लहानपणापासून जी मुलगी स्वतःला राक्षसीण समजत आली, तिला स्वतःबद्दल असे काही कळणे ही त्या पुस्तकातली सर्वांत मोठी घटना आहे. मी ही पाने सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये उभ्याने वाचली आणि माझे स्टेशन मागे पडले.

उणिवाही सांगायला हव्यात. लांब केस, झगे, मेजवान्या या सगळ्यांविषयी कात्साला जो वैताग येतो तो तिच्या आयुष्याकडे पाहता समजण्यासारखा आहे, तरी लेखिका त्यावर काहीशी रेंगाळते आणि ‘बायकी’ म्हणजे कमी प्रतीचे असा सूर उमटतो की काय, अशी शंका येते. लग्न करायचे नाही आणि मूल होऊ द्यायचे नाही, हा तिचा निर्णय मात्र शेवटपर्यंत टिकतो. प्रेमात पडल्यावर नायिकेने तो बदलावा अशी सोय लेखिकेने करून ठेवलेली नाही, आणि पोही तो बदलण्याचा हट्ट धरत नाही. पोच्या बाबतीत मात्र मोठी चूक झाली आहे असे मला वाटते. त्याची दृष्टी जाते, पण त्याची देणगी डोळ्यांचे काम इतके बिनचूक करू लागते की ते अंधत्व नावापुरतेच उरते. अंध वाचकाने हे वाचले तर त्याच्या हाती काय लागेल, असा विचार मला बराच वेळ छळत होता.

‘फायर’विषयी थोडक्यात लिहिते, कारण तिघींमध्ये हे पुस्तक मला सर्वांत विस्कळित वाटले. ते पहिल्या पुस्तकाच्या आधीच्या काळात आणि डोंगरापलीकडच्या देशात घडते. बालपणीचा लेक त्यात डोकावतो, पण त्याचा धागा मूळ गोष्टीशी ओढूनताणून बांधलेला आहे, आणि मधल्या भागात कोणाचे कोणाशी काय नाते हे लक्षात ठेवण्यात वाचक दमतो. नायिका फायर मात्र विसरता येण्याजोगी नाही. तिचे केस आगीच्या रंगांचे, तिचे रूप असे की पाहणाऱ्याचा तोल सुटावा, आणि तिला दुसऱ्यांच्या मनात शिरता येते. घराबाहेर पडताना ती केस झाकून घेते. तिच्या रक्ताच्या वासाने हिंस्र प्राणी खेचले जातात, त्यामुळे मासिक पाळीच्या दिवसांत तिला पहाऱ्याशिवाय हलता येत नाही. फँटसी कादंबरीत नायिका महिनोन्‌महिने घोड्यावरून हिंडतात आणि त्यांना कधी पाळी येत नाही. इथे ती येते, तिच्यामुळे प्रवासाचे बेत बदलतात आणि सोबतचे सैनिक त्याचा बाऊ न करता पहारा वाढवतात. ज्या मुली दादरच्या पुलावरच्या गर्दीतून जाताना दप्तर पाठीवरून काढून छातीशी धरतात, त्यांना फायरचे केस झाकणे कोणी समजावून सांगावे लागणार नाही.

तिचे खरे बळ तिने स्वतःवर घातलेल्या मर्यादेत आहे. तिच्या बापाकडेही हीच शक्ती होती आणि त्याने तिचा वापर माणसांना खेळवण्यासाठी केला. अखेर त्याच्या मृत्यूला फायर स्वतः कारण झाली आणि ते ओझे घेऊन ती जगते. राजवाड्यात तिला कैद्यांची चौकशी करायला सांगतात तेव्हा दुसऱ्याच्या मनात त्याच्या इच्छेविरुद्ध शिरणे कधी समर्थनीय ठरेल, याचा विचार ती प्रत्येक वेळी नव्याने करते. उत्तर दरवेळी सारखे येत नाही, आणि लेखिका ते सारखे करून देत नाही.

आता ‘बिटरब्लू’. पाचशेहून अधिक पानांचे हे पुस्तक मधल्या भागात नक्कीच रेंगाळते. सांकेतिक लिपी उलगडण्याचे प्रसंग थोडे कमी असते तर बरे झाले असते, आणि पात्रांची संख्याही सांभाळता आलेली नाही. तरीही मला विचाराल तर या मालिकेचे सार्थक या पुस्तकाने झाले आहे.

बर्फातून पाठीवर वाहून आणलेली ती मुलगी आता अठरा वर्षांची आहे आणि आठ वर्षे राणी आहे. तिच्याकडे कोणतीही देणगी नाही. ती अंगाने लहानखुरी आहे. स्वतःचा बचाव करण्यापुरता खंजीर तिला चालवता येतो, पण त्यापलीकडे नाही. दिवसभर ती मनोऱ्यातल्या कचेरीत बसून सल्लागारांनी पुढे केलेल्या कागदांवर सह्या करते. लेकच्या पस्तीस वर्षांच्या राजवटीत राज्यातल्या माणसांचे नेमके काय झाले हे कोणालाच धड आठवत नाही, कारण त्यांच्या आठवणींवरच तो राज्य करत होता. आणि ज्यांना आठवते ते सल्लागार, झाले गेले विसरून पुढे चला, असे तिला आदराने सांगत राहतात. तेव्हा ती रात्री वेष पालटून शहरात उतरते, जिथे गोष्टी सांगतात अशा गुत्त्यांत बसून ऐकते, छापखाना चालवणाऱ्या तरुणांशी मैत्री करते, आणि वाचता येणारी माणसे आपल्याला सांगितली जातात त्याहून फार कमी आहेत, हे तिथेच तिच्या लक्षात येते.

यातला एक प्रसंग मी तीनदा वाचला. बिटरब्लूच्या आईला, ॲशेनला, भरतकामाचा नाद होता असे सगळे सांगतात. तिने चादरींच्या कडांवर भरलेली नक्षी मुलीने लहानपणापासून पाहिलेली असते. एके दिवशी ती त्या नक्षीवरून बोट फिरवत असताना तिला जाणवते की ही नक्षी एकसारखी नाही. ती पुन्हा पुन्हा येते, पण प्रत्येक वेळी कुठेतरी वेगळी होते. ती नक्षी नसतेच, लिपी असते. नवऱ्याच्या बोलण्याने मनावर धुके दाटे, आणि ते जरा विरळ होई तेव्हा जे खरे असेल ते ॲशेन टाक्यांत नोंदवून ठेवत होती, कारण कागद सापडला असता, आणि बाईच्या भरतकामाकडे कोणी वाचण्याच्या नजरेने पाहत नाही.

हे वाचून मी पुस्तक मिटले आणि कपाटातला आजीचा अभ्रा काढला. त्यावर साखळी टाक्याची वेल आहे, मध्ये गाठींच्या टाक्यांची फुले आहेत, आणि एका कोपऱ्यात तिने माहेरच्या नावाचे पहिले अक्षर भरले आहे, जे लग्नानंतर घरात कोणी उच्चारत नसे. आपल्याकडे बायकांनी जात्यावर बसून ओव्यांमधून सासुरवास सांगितला, कारण त्या वेळी ऐकायला दुसरी बाईच असे. ‘स्ट्राँग’ नायिकांच्या कितीतरी कादंबऱ्यांची सुरुवातच अशी होते की नायिकेला शिवणटिपण आवडत नाही, सुई टाकून ती तलवार उचलते आणि आपण टाळ्या वाजवतो. कॅशोर यांनी स्वतःच्याच पहिल्या पुस्तकातल्या कात्साला चार वर्षांनी दिलेले हे उत्तर आहे असे मी समजते. सुई टाकून द्यायची गरज नव्हती. तिने जे लिहिले ते वाचणारी कोणी हवी होती.

बिटरब्लू चुकतेही, आणि तिच्या चुकांची किंमत दुसऱ्यांना मोजावी लागते. छापखान्यातल्या मित्रांपासून ती स्वतःची ओळख लपवते, तेव्हा तिला ते निरुपद्रवी वाटते; सॅफ नावाच्या तरुणाला सत्य कळते तेव्हा त्याचा संताप पूर्णपणे न्याय्य आहे, आणि लेखिका नायिकेच्या बाजूने एकही सबब पुढे करत नाही. सल्लागारांचे गुपित उघड झाल्यावर तर वाचकाची फार कठीण अवस्था होते. ज्यांनी तिच्याशी खोटे बोलून माणसांचे जीव घेतले, त्यांनाच लेकने एकेकाळी भयंकर गोष्टी करायला भाग पाडले होते. त्यांना शिक्षा करावी की त्यांच्याजवळ बसून रडावे, हे अठरा वर्षांच्या मुलीला ठरवायचे आहे, आणि तलवारीने सुटेल असा यातला एकही प्रश्न नाही. अर्सुला ले ग्विन यांनी १९७१ सालच्या ‘द टूम्ब्स ऑफ अटुआन’मध्ये भुयारात वाढलेल्या टेनार या तरुण पुजारणीची गोष्ट सांगितली होती, जिला सुटकाही एखाद्या बोजासारखी पेलावी लागते; बिटरब्लू मला तिच्या कुळातली वाटली.

पालकांसाठी एक स्पष्ट सूचना. पहिल्या दोन पुस्तकांत शरीरसंबंधांचा उल्लेख आहे, संयमाने केलेला आणि जबाबदारीची जाणीव असलेला. तिसऱ्यात लेकच्या क्रौर्याचे जे तपशील बाहेर येतात ते, थेट वर्णन टाळले असले तरी, अस्वस्थ करणारे आहेत, आणि एका पात्राची आत्महत्याही आहे. चौदा वर्षांच्या आतल्या मुलामुलींना ‘बिटरब्लू’ देऊ नये, आणि त्याहून मोठ्यांना दिल्यास घरातल्या कोणीतरी ते आधी किंवा सोबत वाचावे, असे माझे मत आहे. इंग्रजी सोपे आहे. मराठी माध्यमातून नववी-दहावीत गेलेल्या आणि इंग्रजी वाचनाची थोडी सवय असलेल्या मुलीला ‘ग्रेसलिंग’ अडू नये. प्रकाशनाच्या क्रमानेच वाचावे. ‘फायर’ काळाने आधीचे असले तरी ते प्रथम वाचल्यास लेकचे रहस्य आधीच फुटते.

प्रतींविषयी सांगायचे तर पहिली दोन पुस्तके मला हुतात्मा चौकाजवळच्या पदपथावर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळाली. कागद पिवळा पडला होता, पण बांधणी शाबूत होती. ‘बिटरब्लू’ मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून नवे मागवले, तर त्यात मधला एक फर्मा (एकत्र छापून दुमडलेल्या पानांचा गठ्ठा) दोनदा बांधलेला आणि त्यापुढचा गायब होता. प्रत बदलून मिळायला तीन आठवडे गेले, आणि गायब पाने नेमकी चादरींच्या शोधाच्या आसपासची असल्याने ते तीन आठवडे मला फार जड गेले. पुस्तक हाती येताच पानांचे क्रमांक एकदा तपासून घ्यावेत.

या मालिकेत पुढे ‘विंटरकीप’ (२०२१) आणि ‘सीस्पॅरो’ (२०२२) ही आणखी दोन पुस्तके आली आहेत. ती वाचण्याआधी मी भाचीला ‘बिटरब्लू’ दिले आहे. ती सध्या दोनशेव्या पानाच्या आसपास आहे, आणि काल रात्री तिचा फोन आला तो सल्लागारांवर चिडूनच. “मावशी, तिला सगळे खोटे सांगतात आणि ती त्यांचे ऐकून का घेते?” असे ती विचारत होती. मी तिला पुढे वाच म्हणाले.